वाळल्या गवताचा रंग

अंगठ्याच्या नखाच्या कडेला रंग राहिलाच होता. एमेटच्या गुडघ्यांवरचं ब्लँकेट नीट करताना लोर्नाला तो दिसला. शनिवारी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने हात टर्पेंटाइनने धुतले होते, मग भांड्यांच्या साबणाने, मग घासणीने, कातडी लालबुंद होईपर्यंत. रविवारी पुन्हा तेच. तरी हा मेला उरलाच. डब्यावर त्याला कसल्याशा वाळवंटाचं ऐटबाज नाव दिलेलं होतं, पण एकतीस वर्षं रंगात हात बुडवून बसलेल्या बाईला नावाने कोण फसवणार? वाळल्या गवताचा रंग होता तो. जुलैत स्पोकेन शहराच्या बाहेर गाडी काढली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल पसरलेला असतो. तिने अंगठा मुठीत घातला आणि खुर्चीवर टेकली. समोर तिचा नवरा, एमेट. त्याचा डावा हात उशीवर सरळ ठेवलेला, दंडात दोन सुया, एका नळीतून रक्त डायलिसिसच्या मशीनकडे चाललेलं आणि दुसरीतून परत येणारं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी चार तास. हॉलमध्ये अशा बारा खुर्च्या, बारा मशिनं, आणि सगळीकडे तोच व्हिनेगरसारखा आंबूस वास. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. बारापर्यंत कळव, असं तिच्या धाकट्या भावाने, वेन्डलने, बजावलं होतं. संकट येईल तेव्हासाठी त्याने आपल्या रानातल्या घरात जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्यांतली एक लोर्नाची होती. एमेटची नव्हती. बारापर्यंत लोर्नाचा होकार आला नाही तर तिची जागा शेजारच्या रोलंडच्या सुनेला जाणार होती. बस, एवढंच तर सांगायचं होतं, हो किंवा नाही. शनिवारी दुपारपासून ते एक अक्षर तिच्या तोंडातून निघत नव्हतं, आणि याचीच तिला सर्वांत जास्त किळस येत होती.

वेन्डलचा फोन गुरुवारी आला होता. "अगं लोर, शनिवारी ये की इकडे. रंगाचं काम आहे थोडं. तुझ्यासारखा हात आहे कुणाचा?" तिने विचारलं कसलं काम, तर म्हणाला, रायफली रंगवायच्यात, सात आहेत, आमच्या गटाच्या. नेहमीच्या आवाजात, भिंत रंगवायची आहे म्हणावं तसा. तिने फोन ठेवला आणि एमेटला सांगितलं की वेन्डलच्या शेडला रंग द्यायला जाते. खोटं बोलायचं तेव्हा काही कारणही नव्हतं. नुसती लाज वाटली. साठी ओलांडलेली बाई मी, आणि बंदुकांना गवताचा रंग फासायला चाळीस मैल चाललेय, हे आपल्याच स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणवेना. एमेट वेन्डलच्या या तयारीची नेहमी टर उडवायचा. "काय, साहेबांचा प्रलय आला का? की यंदा पण पुढच्या वर्षावर गेला?" असं तो दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता विचारायचा, आणि वेन्डल ओठ मुडपून हसायचा. नंतर एमेटची मूत्रपिंडं गेली. त्यानंतरच्या चार थँक्सगिव्हिंगनाही त्याने विचारणं सोडलं नाही, पण वेन्डल आता मोठ्याने हसायला लागला होता.

आवारात पोचली तेव्हा पाहिलं, तर कपडे वाळत घालायच्या तारेवर रायफली टांगलेल्या. सातही. नळीला एक तार, दस्त्याला एक तार, खाली गवतावर जुनी ताडपत्री. सगळ्या थिनरने पुसून कोरड्या केलेल्या, दुर्बिणींच्या काचांना, नळीच्या तोंडाला आणि घोड्याला निळी चिकटपट्टी लावलेली, आणि प्रत्येकीच्या पट्ट्याला चिकटपट्टीचाच एक तुकडा, त्यावर मालकाचं नाव. ही तार त्यांच्या आईची. हिच्यावर आईच्या हातचे पांढरे पलंगपोस फडफडत असायचे आणि लहानगी लोर्ना त्यांच्यामधून पळायची, ओल्या कापडाची चापट गालावर खात. वेन्डलने तिला फवारायच्या रंगाचे डबे दाखवले, एकेक हलवून, आतली गोळी खळखळ वाजवून. "रानात काळा रंग नसतो, लोर. बघ कुठेही. सावलीसुद्धा काळी नसते. आणि सरळ रेघ नसते. माणूस दिसतो तो या दोन गोष्टींनी." हे तो तिला शिकवत होता! जिने एकतीस वर्षं दुकानांच्या काचांवर अक्षरं रंगवली, मोटारी विकणाऱ्यांच्या, न्हाव्यांच्या, केक-पेस्ट्री विकणाऱ्यांच्या. रस्त्यापलीकडून, चालत्या गाडीतून, पावसातून दिसली पाहिजेत अशी लाल-पिवळी अक्षरं. दिसणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणूनच न दिसणंही तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने तोंडाला रुमाल बांधला आणि पहिला हात मारला. हातभर अंतरावरून, न थांबता, पातळ. रायफलीचा काळा रंग बघता बघता मेला. वेन्डल म्हणाला, "बघा! बघा हात कसा चालतोय!" आणि तिला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला, झाल्या.

तिला तिथे थांबता आलं असतं. त्यानंतरही थांबता आलं असतं, ट्रूडी, वेन्डलची बायको, घरातून ते घेऊन आली तेव्हा. पहिल्या हातावर नक्षी उमटवायची तर जाळी लागते. जाळी घट्ट धरून तिच्यातून दुसरा रंग मारायचा, मग सापाच्या कातडीसारखे ठिपके उठतात आणि सरळ कडा मोडते. सगळे धुण्याची जाळीदार पिशवी वापरतात. "पिशवी फाटली गं," ट्रूडी म्हणाली, "हे कपाटात नुसतं पडून होतं. चालेल ना?" हे म्हणजे आईचं क्रोशाचं टेबलक्लॉथ. दोन हिवाळे लागले होते आईला ते विणायला. अननसाची नक्षी, कडेला शिंपल्या. ते वर्षातून तीनदा निघायचं, स्टार्च घालून, इस्त्री करून, आणि त्यावर ग्रेव्हीचा एक थेंब सांडला तर बाबांनासुद्धा दम मिळायचा. लोर्नाने ते हातात घेतलं. अजून त्याला ट्रंकेच्या सिडार लाकडाचा वास येत होता. बाई, काही बोल, असं ती स्वतःला म्हणाली. तिने ते उघडलं, चांगला अननस निवडला, रायफलीवर ताणून बसवला आणि ट्रूडीला म्हणाली, "हं, तू ती बाजू धर. हलवू नकोस." मग तपकिरी. मग थोडा हिरवा, शेवाळी. जाळी उचलली, आणि आईच्या अननसाच्या फुल्या नळीवर अशा नाजूक उमटल्या होत्या की रोलंड क्लोप्फरने शीळ घातली. रोलंड हा शेजारच्या जमिनीवरचा, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, गटाचा सेनापती की काय तो. "ही तर आर्ट गॅलरीत ठेवा राव," तो म्हणाला. आता क्लिनिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या लोर्नाला जिभेवर तोच रंग जाणवला, गोडसर, पत्र्यासारखा. रुमालातून जायचा तेवढा गेलाच होता. तिने पर्समधली पुदिन्याची गोळी तोंडात टाकली, तर तीही रंगाची लागली.

"अंगावर शहारा आला का?" एमेटने विचारलं. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते. उजव्या हाताशी ट्रेवर लोर्नाचा फोन होता, तिच्या फोनवर तो पत्ते लावत बसायचा, स्वतःचा घरी विसरून यायचा. "एसीचा वारा लागतोय," ती म्हणाली. "मग माझ्या ब्लँकेटात पाय घाल." तिने घातले नाहीत. त्याच्या पायांना रात्रंदिवस खाज सुटायची, आणि ब्लँकेटात, चादरीत, गाडीच्या सीटवर त्याच्या कातडीचा भुगा पडलेला असायचा, पांढरा, पिठासारखा. ती तो रोज झटकायची. त्याच्या तोंडाला नाणं चघळल्यासारखा वास यायचा आणि ती त्याच्या गालाचा मुका घ्यायची, तोंडाचा नाही. तो समजायचा की काय कोण जाणे. त्याला दिवसाला पाणी मोजून. तहान लागली की बर्फाचा एक खडा, जिभेवर ठेवून. जास्त दिलं तर पाणी फुप्फुसात. हे सगळं ती करत आली होती, आणि लोक म्हणायचे, लोर्ना, तू देवमाणूस आहेस. वरच्या मजल्यावरच्या मिसेस प्रुइट तर दर रविवारी सूप घेऊन यायच्या, मीठ न घातलेलं, खास एमेटसाठी, आणि तेच म्हणायच्या. देवमाणूस! देवमाणसाने शनिवारी काय केलं ते त्यांना कळलं तर सूप तिच्या डोक्यावर ओततील.

कारण जेवताना तो विषय निघाला होता. ताडपत्रीच्या कडेला फोल्डिंगचं टेबल, त्यावर ट्रूडीचं बटाट्याचं सॅलड, मेयोनेझने लडबडलेलं, उन्हात पिवळं पडत चाललेलं, अंडी, एल्क हरणाच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. लोर्ना सहज बोलून गेली, "पण काय हो, लपायचंय कुणापासून? इथे हरणांखेरीज येतं कोण?" रोलंड हसला. त्याच्या दातांत मांसाचा दोरा अडकला होता. "तुमच्या गल्लीपासून, बाईसाहेब." वेन्डलने काटा खाली ठेवला आणि समजावून सांगायला लागला, लहान मुलीला सांगावं तसं. पहिला आठवडा शहरातले लोक घरात बसतील. दुसऱ्या आठवड्यात दुकानं रिकामी. तिसऱ्या आठवड्यात ते रस्त्याला लागतील, बायकापोरांसकट, आणि या रस्त्याने वर येतील. पहिले येतील ते हात जोडून येतील. त्यांच्या मागचे हात जोडणार नाहीत. "म्हणून पहिल्यांनाच थांबवायचं, त्या कुंपणापाशी. दिसायचं नाही, बोलायचं नाही." हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. याला भीती वाटत नाहीये, हे लोर्नाच्या एकदम लक्षात आलं. याला घाई झालीये. ते कधी येतील आणि मी कधी त्यांना कुंपणापाशी लोळवीन असं याला झालंय. हाच वेन्डल, ज्याला आठव्या वर्षापर्यंत अंधारात संडासला जायला लोर्ना सोबत लागायची! तिच्या डोळ्यांपुढे मिसेस प्रुइट आल्या, चपला घासत, सूपाचं भांडं दोन्ही हातांत धरून, त्या चढावर. "आमच्या वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई आल्या तर?" ती म्हणाली. "तिला हाक मारू आधी," रोलंड म्हणाला, "आजीबाई, मागे फिरा म्हणू. आम्ही काय राक्षस आहोत का?" आणि ट्रूडीसुद्धा हसली, हसता हसता तिच्या वाढपाच्या चमच्यातलं सॅलड टेबलावर पडलं. ते लिबलिबीत पांढरं पाहून लोर्नाला तिथेच उलटी होईलसं वाटलं. तिने ते कागदाने पुसलं आणि आपल्या बशीतलं संपवलं.

बर्फ आणायला म्हणून ती गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजरकडे गेली, आणि फ्रीजरच्या दारावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, ती यादी होती. ट्रूडीचं सुबक अक्षर. नाव, वय, काय येतं, काय आणणार. रोलंड, डिझेल इंजिन, दोन रायफली. ट्रूडी, लोणची-मुरंबे, टाके घालणे. लोर्ना, रंगकाम, शिवण, प्रकृती चांगली. आणि लोर्नाच्या खालच्या ओळीत एमेट हॅस्केट, आणि त्यावर पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ. समोर बारीक अक्षरात: आठवड्यातून तीनदा, मशीन. एवढंच. रेघ अगदी नीट होती, कुठे हललेली नाही, शाई फुटलेली नाही. लोर्ना फ्रीजरचा दांडा धरून उभी राहिली. आणि मग जे झालं ते तिने रविवारभर उलटून पालटून पाहिलं, की झालंच नसेल, आपणच मागाहून रचलं असेल. पण झालं होतं. पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा हलकं वाटलं. जड पिशवी खांद्यावरून कुणीतरी मागून अलगद काढून घ्यावी आणि माणसाने मान वळवून बघूही नये, तसं. म्हणजे ते असं होईल. कुणी विचारणार नाही. दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असेल, रेघ मारलेली असेल. एक श्वास, फार तर दोन. तेवढा वेळ ती मोकळी होती, आणि ते मोकळेपण इतकं गोड होतं की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मग ओकारी आली. तिने फ्रीजरचं दार उघडून गार हवेत तोंड घातलं, आत हरणांचे तुकडे कागदात गुंडाळून, तारखा घालून, ओळीने रचलेले होते.

मागून वेन्डल आला होता. "वाचलीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तो मऊपणाच जास्त वाईट. "अगं, मी काय शत्रू आहे का त्याचा? पण लाइट गेली की त्याचं मशीन बंद. दहा दिवस, लोर. जास्तीत जास्त दहा. इथे आणून करायचं काय? तूच सांग." तिने फ्रीजरमधून बर्फाची पिशवी काढली. "मी तुला जबरदस्ती करत नाही. सोमवारी बारापर्यंत कळव. रोलंडची सून टपूनच बसलीये." मग ट्रूडी तिला मागच्या लांबट खोलीत घेऊन गेली, नव्या लाकडाचा वास, दोन्ही बाजूंना एकावर एक अशा फळ्यांच्या झोपायच्या जागा, आणि म्हणाली, "उगाच बघून ठेव. तुला कुठली हवी?" आणि लोर्ना म्हणाली, "खिडकीजवळची." कुणी विचारलं तर माणूस उत्तर देतं, तसं. चहात साखर किती, दोन. कुठली हवी, खिडकीजवळची. हे दोन शब्द आता क्लिनिकच्या घड्याळाखाली तिच्या पोटात कुठेतरी पडून होते, न पचलेल्या मांसासारखे. अकरा वाजून गेले होते. नर्स येऊन आकडे पाहून गेली, एमेटच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "आज दाब छान आहे हं, महाराज." एमेटने मुजरा केल्यासारखी मान झुकवली. तो सगळ्या नर्सांचा लाडका होता.

शेवटची रायफल बाबांची होती. चिकटपट्टीवर नाव होतं लोर्ना. बाकीच्या सगळ्या काळ्या, प्लॅस्टिकच्या, कालपरवाच्या. हिचा दस्ता अक्रोडाचा, दर शरदात बाबा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून जवसाचं तेल लावून तळहाताने तासभर चोळायचे, तळहात गरम झाला पाहिजे म्हणायचे, तेव्हाच लाकूड तेल पितं. लाकडाच्या रेघा आतून उजळून यायच्या, मधासारख्या. तिच्यावर लोर्नाने पहिला हात मारला तेव्हा त्या रेघा जाताना दिसल्या. मग आईची जाळी. मग पाइनची डहाळी आडवी धरून सावली. आईला आणि बाबांना तिने एका दुपारी उरकून टाकलं. आणि मेलं ते काम सगळ्यांत उत्तम झालं. रंग वाळले की परीक्षा असते: रायफल गवतात ठेवायची, तीस पावलं मागे यायचं, आणि दिसली तर पुन्हा रंगवायची. रोलंड परीक्षक. बाकीच्या सहा एकेक करून ठेवल्या, "ती बघ! दिसली! नळीचं टोक दिसलं!" असं ते दोघे म्हातारे लपंडाव खेळणाऱ्या पोरांसारखे ओरडत होते. लोर्नाची मात्र, ते दोघे आत लिंबूपाणी प्यायला गेले असताना, तिने स्वतः नेऊन ठेवली, कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून चार हात अलीकडे, गवत जिथे वाऱ्याने एका अंगाला झोपलं होतं तिथे, त्याच अंगाने. तीस पावलं मागे येऊन वळून पाहिलं, तर नव्हतीच. तीही चरकली. ते दोघे आले, पाहत राहिले. पाच मिनिटं. दहा. वेन्डल म्हणाला, "शाबास! आता दाखव." आणि लोर्ना म्हणाली, "तिकडेच कुठेतरी. आता मलाही नाही सांगता येत." तिसरा खांब तिला स्वच्छ दिसत होता.

मग ते शोधायला लागले. आधी उभ्याने, मग वाकून, मग गुडघ्यांवर. पोटं गवताला टेकलेली, ढुंगणं आभाळाकडे, टोप्या पडताहेत, रोलंडच्या मानेवर गोचीड चढली आणि तो नाचायला लागला. वेन्डलने धातू शोधायचं यंत्र आणलं, तर ते जिथे तिथे किंचाळायला लागलं, कारण बाबांनी चाळीस वर्षं त्याच रानात खिळे, पत्रे, डबे, मोडका नांगर टाकलेला. एकदा वेन्डलचा बूट रायफलीपासून वीतभर अंतरावर पडला. लोर्ना टेबलाशी बसून ट्रूडीच्या बरणीतला पीच खात होती, पाक मनगटावरून ओघळत होता, आणि ती पाहत होती. हे वाचणार आहेत, तिला वाटलं. मिसेस प्रुइट नाहीत, एमेट नाही, हे. आणि खिडकीजवळ मी. चार वाजता ती निघाली तेव्हा वेन्डल गवतातूनच ओरडला, "उद्या सापडेल गं! कुठे जातेय!" घरी आल्यावर एमेटने विचारलं, शेड कशी झाली? ती म्हणाली, छान.

"हा शेडचा रंग नाही," एमेट म्हणाला. लोर्ना दचकली. मूठ केव्हा सुटली होती कोण जाणे. त्याने उजव्या हाताने तिचा अंगठा धरला होता आणि नखाच्या कडेकडे पाहत होता. "शेड लाल आहे त्याची. हा गवताचा. बंदुकांना फासतात तो." तिने अंगठा ओढला, त्याने सोडला नाही. "मला माहीतेय सगळं," तो म्हणाला, सावकाश, दम घेत. "तू उगाच जीव जाळू नकोस. मार्चमध्ये इथेच आला होता वेन्डल, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. या खुर्चीत आता तू बसलीयेस ना, तसाच बसला, टोपी हातात फिरवत. बिचाऱ्याला तोंड उघडता येईना. शेवटी मीच म्हणालो, मार बाबा रेघ, पण हिला ठेव. हातावर हात मारला आम्ही." त्याचे ओठ फुटलेले होते, कडांना पांढरी खपली. "आणि म्हटलं, तिला सांगू नकोस काही. रंगाबिंगाचं काम काढ, बोलव, हळूहळू सवय होऊ दे. कारण एकदम सांगितलंस तर ती तिथल्या तिथे नाही म्हणेल आणि तुला चार शिव्या हासडून येईल. मी ओळखतो ना तिला." तो हसला, छातीत घरघर झाली. "मग? काय म्हणालीस शनिवारी?"

मशीन आपलं काम करत होतं. पलीकडच्या खुर्चीतला माणूस घोरत होता. घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. "नाही म्हणाले," लोर्ना म्हणाली. तिला तिचाच आवाज ऐकू आला, पक्का, रंग वाळल्यावर लागतो तसा. "तिथल्या तिथे. म्हटलं, खड्ड्यात घाल तुझी यादी." एमेटने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तिला तिकडे बघवेना. चार वर्षांत इतका खूश तिने त्याला पाहिला नव्हता. "वाटलंच मला," तो पुटपुटला, "वाटलंच."

ट्रेवर फोन थरथरला. एमेटचा हात जवळ होता. लोर्ना उठेपर्यंत त्याने बोट लावलंही होतं, आणि नेहमीप्रमाणे ते बोट स्पीकरवर पडलं, आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "लोर? बारा वाजले बघ," वेन्डल म्हणत होता. "ती रायफल अजून नाही सापडली, चमत्कारच झालाय. पण ते जाऊ दे. ट्रूडीने तुझ्या त्या खिडकीजवळच्या जागेवर चादर घातलीसुद्धा. तू म्हणाली होतीस ना, खिडकीजवळची. मग मी हो धरून चालू ना? हॅलो?"

एमेटने डोळे उघडले. त्याने लोर्नाकडे पाहिलं, फार वेळ नाही, जेमतेम दुर्बिणीतून पाहावं इतका वेळ, आणि तेवढ्यात ती पूर्णपणे दिसली त्याला, लाल-पिवळ्या अक्षरांत, रस्त्यापलीकडून दिसेल अशी. तिला वाटलं तो काही बोलणार नाही. मग तो फोनकडे तोंड करून म्हणाला, "वेन्डल, मी एमेट. ती शनिवारीच नाही म्हणाली तुला. तुला ऐकू आलं नसेल." "अहो, पण ती तर स्वतः..." "नाही म्हणाली ती," एमेट म्हणाला. "तिथल्या तिथे. मला सांगितलंय तिने." वेन्डल घुटमळला. "बरं. मग... मग बाबांची रायफल कुठे ठेवलीये ते तरी विचारा." एमेटने तिच्याकडे पाहिलं नाही. फोन नुसता तिच्या दिशेने केला.

"तिसऱ्या खांबाशी," लोर्ना म्हणाली. "तुझा बूट तिच्याशेजारीच पडला होता. माझं नाव काढून टाक तिच्यावरचं."

त्याने फोन बंद करून ट्रेवर पालथा ठेवला. ती उभीच होती. बाहेर जावं, संडासात जाऊन घशात बोटं घालावीत, शनिवारपासूनचं सगळं, मांस, पीच, रंग, खिडकी, एकदाचं बाहेर काढावं, असं तिला वाटत होतं. पण एमेटने तिचा अंगठा पुन्हा धरला होता आणि आपल्या ठिसूळ, पिवळ्या नखाने तिच्या नखाच्या कडेचा रंग खरवडत होता. त्याच्या कातडीचा भुगा तिच्या मनगटावर पडत होता. "जाईल हा," तो म्हणाला, "एकदोन दिवसांत." तिने तो भुगा झटकला नाही. "बर्फ आहे का गं एखादा?" त्याने विचारलं, आणि तिने मोकळ्या हाताने थर्मासचं झाकण उघडलं.